कौसाअक्काचं तिसरं लुगडं

तारा, मागच्या वर्षी तू मला फोनवर तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या शाळेचं आवार दाखवलं होतंस. झाडांना रिकामे लाल झगे टांगलेले होते आणि ते वाऱ्यानं हलत होते. तिथल्या मूळच्या लोकांच्या ज्या बाया मारल्या गेल्या, नाहीशा झाल्या आणि ज्यांचं पुढे काही कळलं नाही, त्यांच्यासाठी ते आहेत, असं तू सांगितलंस. मग विचारलंस, आजी, आपल्याकडे पण असं होतं का? मी तेव्हा तुझ्या बाबाला बोलाव म्हणाले आणि विषय बदलला. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. पण जे सांगायचं ते पहिल्यापासून क्रमानं सांगावं ही माझी सवय, आणि फोनवर क्रम राहत नाही. म्हणून हे लिहीत आहे. मी लातूरच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीतच लिहिते. माझ्या आईचं बोलणं एकदा इंग्रजीत लिहून पाहिलं, तर ती कुणी दुसरीच बाई वाटायला लागली. बाबा तुम्हाला वाचून दाखवील. तुझ्या भावाला, अर्णवला, जिथे कळणार नाही तिथे त्यानं थांबवून विचारावं, लाजू नये.

आपण आंध आदिवासी. माझं गाव किनवटच्या जंगलात, रेल्वेच्या रुळांपलीकडे. घर कुडाच्या भिंतींचं, आतून बाहेरून शेणानं सारवलेलं. थोडी ज्वारी, थोडा कापूस, आणि बाकीचं सगळं जंगल देई. चैत्रात मोहाची फुलं पडायला लागली की घराचं वेळापत्रकच बदले. फूल पडताना आवाज होतो हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण ते रसानं जड झालेलं असतं, आणि खाली वाळलेला पाला असतो. टप्प असा एक आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ तीन-चार. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जायचं, कारण उशीर केला की जनावरं फुलं खाऊन जातात. दुपारी ती अंगणात वाळत घातलेली असत आणि सगळ्या घराला एक गोड, जरा आंबूस वास येई. तो वास माझ्या शाळेच्या कपड्यांनासुद्धा असायचा. माय वाळलेली फुलं भाजून तिळाबरोबर कुटायची आणि लाडू वळायची. गूळ लागत नसे. आता लातूरला मिठाईच्या दुकानात नाना तऱ्हेचे लाडू मिळतात, मी आणते, खाते, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणते की हा तो नव्हे.

कौसाअक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बरीच मोठी. मला पोहायला तिनंच शिकवलं. पाठीला वाळलेला भोपळा बांधून तिनं मला पैनगंगेच्या डोहात सोडलं होतं. मी रडायला लागले तर काठावरून म्हणाली, "भोपळा बुडून राहिला का? न्हाई ना? मंग तू काहून बुडशील, तुला काय त्याच्यापरीस अक्कल कमी हाय?" ती स्वतः डोहाच्या तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायची. हे लक्षात ठेवा.

तिचं लग्न हिमायतनगरच्या बाजूच्या एका गावात झालं. तिचा नवरा मारोती, आमचे दाजी, गरीब स्वभावाचा माणूस, बायकोपुढे फारसं बोलत नसे आणि त्यातच खूश असे. मी तोवर किनवटला मुलींच्या वसतिगृहात राहत होते. बाजाराच्या दिवशी अक्का रेल्वेनं यायची, मीठ-तेल घ्यायची आणि मला मोहाचे लाडू देऊन जायची. एकदा आमच्या जेवणाच्या वेळेला आली. माझ्या ताटात वाकून पाहिलं आणि म्हणाली, या वरणात डाळ हुडकायला कंदील लागंल. वाढणारी बाई चिडली, आम्ही सगळ्या मुली हसलो, आणि पुढे वर्षभर त्या वरणाला आम्ही कंदिलाचं वरण म्हणायचो.

तिच्या सासरच्या गावात मोहाची झाडं मालकाच्या शेताच्या कडेला होती. मालक म्हणजे तिथला मोठा शेतकरी, अक्काच्या घरची माणसं त्याच्याच रानात कामाला जायची. झाडाखालची फुलं वेचली तर अर्धी त्याच्याकडे पोचवायची, असा त्याचा हुकूम होता. अक्का पोचवत नसे. झाड जंगलाचं, फूल वाऱ्यानं पडतंय, ह्यात याचं काय, असं ती मला बाजारात हसत हसत सांगायची. त्या हुकमाबद्दल आणि तिच्या हसण्याबद्दल मला माहीत आहे ते एवढंच. तिला कोणी मारलं हे मला आजही माहीत नाही, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते मी या पानावर लिहिणार नाही. तुम्हीही वाचताना स्वतःच्या मनानं कुणाचं नाव घालू नका. नावासाठीच तर आम्ही थांबलो आहोत.

एक दिवस भर वर्गात बा, म्हणजे माझे वडील, दारात येऊन उभा राहिला. तो शाळेत कधी येत नसे. गाडीत बसल्यावर त्यानं सांगितलं की अक्का मोह वेचायला गेली ती परत आली नाही, आणि सापडली ती मालकाच्या विहिरीत. चैत्रातली विहीर. पाणी कमरेइतकंही नव्हतं. पोलिसांचा जमादार येऊन गेला होता, विहिरीच्या काठावर त्यानं दोन माणसांचे अंगठे घेतले होते आणि पाय घसरून पडली असं ठरवून टाकलं होतं. तालुक्याचा डॉक्टर रजेवर होता म्हणून तपासणी न करताच प्रेत ताब्यात दिलं होतं. बा हे सगळं खिडकीबाहेर पाहत सांगत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "पोहणारी पोर, सुशे."

आम्ही पोचलो तेव्हा अक्काच्या घरासमोर बैलगाडी उभी होती, वाळलेल्या लाकडांनी भरलेली. मालकानं पाठवली होती. माणूस मोठ्या मनाचा आहे, असं दोघं-तिघं म्हणत होते. माझी माय आधीच येऊन ओट्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर नवं हिरवं लुगडं होतं. आपल्याकडे लग्न झालेली लेक गेली की शेवटचं लुगडं माहेरनं नेसवायचं असतं. जमादार तिला समजावत होता की उन्हाळ्याचे दिवस आहेत, लवकर उरकून घ्या, जाळलं की मोकळं. माय त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "कोण मोकळं?" मग ती गाडीवानाला म्हणाली, "आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात. तुमच्या मालकाला म्हाईत हाय ते. गाडी माघारी ने." गाडीवान जमादाराकडे पाहत राहिला. माय उठली, बैलांच्या पुढे गेली आणि तिनं स्वतः गाडी वळवली.

मग बायांनी अंगणात आंघोळीची तयारी केली. आमच्यात सासरची बाई पाणी ओतते आणि माहेरच्या बाया अंग धुतात. भोवती लुगड्यांचा आडोसा धरतात, आणि तो धरणाऱ्यांनी तोंड बाहेर करून उभं राहायचं असतं. मी एक टोक धरून उभी होते. आत माय होती, माझी चुलती होती आणि पाणी ओतायला अक्काची सासू होती, जिला माय ईनबाई म्हणायची. मला दिसत काही नव्हतं. पाण्याचा आवाज येत होता, हळद-तेलाचा वास येत होता, चुलती हुंदके देत होती. मग बांगड्यांचा आवाज यायला लागला. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईला हातभर हिरवा चुडा भरून पाठवतात. एक एक बांगडी चढताना किणकिण होत होती, आणि मधेच ती थांबली. पाणी थांबलं, चुलतीचं रडणंही थांबलं. मायनं मला हाक मारली.

"सुशे, इकडं तोंड कर. तू शिकून राहिलीस ना? बघ, आन् ध्यानात ठेव."

मी पाहिलं. अक्काच्या दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते, चिखल धुतल्यावर ते स्पष्ट उमटले होते. मायनं तिचं डोकं अलगद उचलून मागची जखमही दाखवली. इतकंच. तुम्ही माझी नातवंडं आहात, ह्याहून जास्त तुम्हाला सांगायची गरज नाही. चुलती कुजबुजली की बांगड्या नीट खाली घे, वळ झाकतील, पोर बरी दिसंल. मायनं उलट सगळ्या बांगड्या कोपराकडे वर सारल्या आणि मनगटं उघडी ठेवली. म्हणाली, "झाकू न्हाई." तशीच ती पुरली गेली. जमादाराला मायनं आडोशाशी बोलावलं होतं, पण परक्या बाईच्या उघड्या अंगाकडे पुरुषानं कसं पाहायचं, असं म्हणून तो आला नाही. नंतर मात्र म्हणाला की तुम्हीच धुऊन पुसून सगळं साफ केलंत, आता पुरावा कुठला?

ते वाक्य बाच्या डोक्यात बसलं. घरी आल्यावर तो जेवता जेवता थांबायचा आणि म्हणायचा, आपणच धुतलं. मी वसतिगृहात परत गेले आणि तिथल्या बाईंना सगळं सांगितलं. आमच्या या बाई एकट्या राहायच्या, कडक होत्या, आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जाळलं की पुरलं?" पुरलं म्हणाल्यावर त्या चष्मा काढून बसल्या. मग म्हणाल्या, मग उशीर झालेला नाही, तहसीलदाराच्या हुकमानं पुरलेलं प्रेत बाहेर काढता येतं, मोठ्या डॉक्टरला दाखवता येतं. अर्ज त्यांनीच लिहून दिला. तो घेऊन मी गावी गेले तेव्हा घरात जे भांडण झालं, तसं मी आईबापांत आधी कधी ऐकलं नव्हतं. बा म्हणत होता की पुरलेल्या लेकीला उकरायचं हे कुणी ऐकलंय का, तिला शांती मिळणार नाही, आणि लोक तोंडावर थुंकतील. माय भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "थुकू द्या. पुसता येतंय." भाकरी तव्यावर टाकून मग ती बाच्याकडे वळली. "तिला शांती हाय असं वाटून राहिलंय का तुमाला?" बानं सकाळी अर्जावर अंगठा दिला.

तहसीलदारानं चौकशी ठेवली. त्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही सगळे बसलो होतो. समोरच्या बाजूला मालकाचा कारभारी पान खात उभा होता. त्यानं कुणाला धमकी दिली नाही, नुसता उभा होता. ईनबाई पदर ओढून कोपऱ्यात बसली होती. तिच्या घरात वर्षभर जी ज्वारी यायची ती मालकाच्या रानातल्या कामाचीच होती, आणि कारभारी उभा होता तो हेच तिला आठवत राहावं म्हणून. मग आम्हाला आत बोलावलं, कारभारी दारात येऊन उभा राहिला. जमादारानं आपलं तेच म्हणणं सांगितलं, की बायकांनी प्रेत धुतलं, खाणाखुणा घालवल्या, आणि आता दुःखात काहीबाही बोलत आहेत. तहसीलदारानं मायला विचारलं, हे खरं का?

"धुतलं म्हणूनच दिसलं, साहेब," माय म्हणाली. "यानं चिखल पाहिला आन् माघारी गेला. आम्ही पोरगी पाहिली."

तहसीलदार माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. तो म्हणाला की तुम्ही माहेरच्या, तुमची जाऊही माहेरची, मुलगी शाळकरी. सासरचं कुणी असं म्हणतंय का? आम्ही सगळे ईनबाईकडे पाहायला लागलो. तहसीलदारानं पेन खाली ठेवलं. मला आठवतं, बाहेर कुणीतरी बैलाला हाकलत होतं आणि तो आवाज आत येत होता. मायनं ईनबाईला हाक मारली नाही, डोळ्यांनीही काही विनवणी केली नाही. ती समोर पाहत राहिली. ईनबाई उठली ती भिंतीला धरूनच.

"पाणी म्या ओतून राहिले होते, साहेब. डोक्यावर ओतलं तवा लाल पाणी आलं. हातावर कासऱ्याचे वळ होते दोन्ही अंगानं." एवढं बोलून ती दाराकडे, कारभाऱ्याकडे वळून म्हणाली, "उद्यापासून कामाला येत न्हाई म्हणून सांग मालकाला. तू सांगायच्या आदी म्याच सांगते."

हुकूम निघाला. नांदेडहून डॉक्टर आले. स्मशानात कनाती लावल्या. मायनं पुन्हा नवं लुगडं आणलं होतं, कारण जे एकदा मातीत गेलं ते परत नेसवत नाहीत. यावेळी ते लुगडं माझ्या हातात होतं. कनातीच्या अलीकडे मी उभी होते आणि पलीकडे डॉक्टर तहसीलदाराशी इंग्रजीत बोलत होते. आमच्याच अक्काबद्दल, आमच्याच समोर, आणि आम्हाला कळू नये अशा भाषेत. त्यात मला एकच शब्द कळला, बिफोर. डोक्याचं हाड पाण्यात पडण्याच्या आधीच फुटलेलं होतं, हे नंतर मराठीत सांगितलं गेलं. पण मला ते आधी कळलं होतं, एका शब्दापुरतं, आणि बाकीचे शब्द आपल्याला यायलाच पाहिजेत हे मी तिथे उभ्या उभ्या ठरवलं. लोक मला विचारतात की जंगलातल्या गावातून येऊन इंग्रजी कसं घेतलंत, आवड होती का? मी हो म्हणते. प्रत्येकाला कनातीची गोष्ट कुठे सांगत बसू.

मायनं अक्काला दुसरं लुगडं पांघरलं. बांगड्या अजून वरच सारलेल्या होत्या, असं तिनं सांगितलं.

त्यानंतर कागदावरचा अपघात खोडला गेला आणि तिथे खून आला. करणारा मात्र अज्ञात. जमादाराची बदली झाली, तपास या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि मग बंद झाला. दाजी आणि ईनबाई आमच्या गावात राहायला आले, कारण तिकडे त्यांना कुणी काम देईना. मायनं त्यांना आमच्या घरालाच एक खोली जोडून दिली. ईनबाईला म्हणाली, चूल एक करू, भांडणं मात्र दोन ठेवू, आपापली. दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत एका चुलीवर भांडल्या. दर चैत्रात मोहाची फुलं संपली की दोघी मिळून ठाण्यावर जायच्या. तिथल्या पायरीवर बसायच्या आणि जो साहेब असेल त्याला विचारायच्या, "नाव लागलं का?" साहेब बदलत गेले. काही हसले, काहींनी चहा पाजला. एकानं विचारलं की आजी, एवढ्या वर्षांनी नाव कळून काय करणार? मायनं त्याला सांगितलं की अज्ञात हे काही नाव नाही, आईबापानं ठेवलेलं एक नाव त्या माणसालाही असेलच, ते लिहा.

ह्या दोघींच्या माघारी ठाण्यावर मी जायला लागले. तिथे मला इतर आया भेटल्या. तेंदूपत्त्याच्या कामाला गेलेली लेक, शेतात राखण करायला ठेवलेली सून, आणि प्रत्येकीच्या कागदावर तेच, घसरली, बुडाली, विष प्याली. त्यांच्याबरोबर मी किती कचेऱ्या पाहिल्या ते आता सांगत नाही. एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती मायची आहे. आमच्या त्या गावांत एखादी बाई अचानक गेली तर आता आंघोळ घालणाऱ्या बाया गप्प राहत नाहीत. दिसेल ते मोठ्यानं बोलतात, आडोशाबाहेरच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. हल्ली पोरी मोबाइलवर फोटोही काढतात. आणि डॉक्टर आल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, हे मी गावोगाव फिरून सांगितलं आहे. काही ठिकाणी ऐकतात. जिथे ऐकत नाहीत तिथे मी परत जाते.

या चैत्रातही ठाण्यावर जाऊन आले. आता तिथे एक तरुण मुलगी अधिकारी आहे. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आदरानं म्हणाली, "आजी, ही फाइल केव्हाच बंद झालीय." मी म्हटलं, "माहीत आहे, बाळ. ती उघडावी म्हणूनच येते." तिनं माझा अर्ज घेतला आणि माझ्या समोर पूर्ण वाचला. आजवर असं कुणी केलं नव्हतं. त्यातून काही निघेल असं मी म्हणत नाही.

आता शेवटचं. माय जाण्याच्या आधी तिनं मला पेटी उघडायला लावली. आत हिरवं लुगडं होतं, नवं, एकदाही न नेसलेलं. कौसाचं आहे म्हणाली. नाव लागलं की तिच्या जागेवर जाऊन अंथरायचं आणि तिला ते नाव सांगायचं, मग तिच्या माहेरचं देणं पुरं झालं. ते लुगडं माझ्या लातूरच्या कपाटात वरच्या खणात आहे. उन्हाळ्यात एक दिवस मी ते गच्चीवर दोरीवर टाकते. पूर्ण उघडलं की दोरी पुरत नाही, नऊवारी आहे. तारा, माझ्यानंतर ते तुझ्याकडे येईल, म्हणून नीट वाच. कडक उन्हात घालायचं नाही, रंग उतरतो. आत कडुलिंबाचा पाला ठेवायचा, तिकडे मिळाला नाही तर लवंगा चालतील. आणि घडी दर वर्षी नव्या जागी घालायची. एकाच घडीवर ठेवलं की कापड तिथेच विरतं, आणि हे लुगडं नाव लागेपर्यंत धड राहायला हवं.